बिनडोळ्यांच्या दोघी

एका वर्षी अक्षयतृतीयेपासून थेट श्रावणापर्यंत आमच्या मुकुंदवाडीच्या घरात दोन बिनडोळ्यांच्या बायका राहत होत्या. त्यांचे डोळे मीच पुसले होते. ते परत काढायचेही मीच होते, आणि तेवढंच काही केल्या माझ्या हातून होत नव्हतं.

त्या दोघी म्हणजे आमच्या महालक्ष्म्या. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. भाद्रपदात त्या घरोघर बसतात. आमच्याकडे त्यांचं धड म्हणजे पत्र्याच्या दोन उंच कोठ्या. त्यात धान्य भरायचं, वरून पातळ नेसवायचं, हात बसवायचे, बांगड्या भरायच्या आणि मुहूर्त आला की मुखवटे चढवायचे. तोवर भरल्या चुड्याच्या दोन बायका बिनडोक्याच्या उभ्या असतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ते पाहिलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले, ती मुखवटे चढेपर्यंत बाहेर आलेच नाही. सासरच्यांना वाटलं, नवी सून कामसू आहे.

मुखवटे शाडूचे, फार जुने. आमचं मूळ गाव शेंद्र्याच्या पलीकडे. निजामाच्या रझाकारांच्या गडबडीत घर सोडायची वेळ आली तेव्हा माझ्या आजेसासूनं दागिने कुठं ठेवले कोण जाणे, पण मुखवटे ज्वारीच्या पोत्यात घालून बैलगाडीत स्वतःच्या मांडीशी ठेवले. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर सगळे परत आले तेव्हा घराला दार राहिलं नव्हतं. महालक्ष्म्या मात्र होत्या. गाडीच्या हिसक्यानं थोरलीच्या नाकाचा शेंडा तेवढा उडाला होता, तो तसाच राहू दिला. तेव्हापासून वर्षभर त्या ज्वारीच्या डब्यातच राहतात.

दर काही वर्षांनी त्यांचे रंग उडतात, मग ते नव्यानं द्यायचे. गालाओठांचा रंग घरातल्या कुणीही द्यावा, डोळे मात्र एकाच माणसानं काढायचे. आणि जुन्या डोळ्यांवर नवे डोळे काढायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. जुनी नजर आधी हळदीच्या पाण्यानं पूर्ण पुसायची आणि समोर लावलेला दिवा विझायच्या आत नवी काढायची. पुसायचं आणि काढायचं, दोन्ही एकाच बैठकीत. मधला वेळ देवीला अंधारात ठेवायचं नाही. हे काम माझे सासरे करत. ते गेले आणि काम माझ्याकडे आलं, कारण मी चित्रकलेच्या परीक्षा दिलेली सून होते.

सोपवलं ते आत्याबाईंनी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवायची. आत्याबाईंना कडेचं काही दिसत नव्हतं. नळीतून बघावं तसा समोरचा एक गोल तेवढा दिसायचा, आणि तोही आवळत चालला होता.

"पोरी, तुझा हात लई बारीक हाय," त्या मला म्हणाल्या. "मला दिसायलंय तवर त्यांचे डोळे काढ. मला एकदा बघू दे. मग गेली नजर तर गेली."

माझ्या बारीक हाताची खरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेत असताना स्पर्धेत मी चित्र अर्धं ठेवून उठायचे. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, काहीही. अर्ध्या चित्राला कुणी वाईट म्हणत नाही. "पूर्ण झालं असतं तर काय सुंदर झालं असतं," असंच म्हणतात. त्या 'तर'वर माझी सगळी हुशारी जगली होती. पूर्ण केलेलं चित्र लोकांसमोर ठेवायची हिंमत मला कधी झाली नाही. आणि आता तर देवीचे डोळे, तेही रझाकारांच्या धामधुमीतून वाचलेल्या देवीचे! एवढ्यातून सुटून आल्या आणि या सुनेच्या हातून बिघडल्या, असं पुढच्या पिढ्यांनी म्हणायचं.

म्हणून मी युक्ती केली. पोहायला येत नसेल तर विहिरीत ढकलून द्यावं, म्हणजे हातपाय आपोआप हलतात, असं म्हणतात ना? अक्षयतृतीयेला मी दिवा लावला, हळदीचं पाणी घेतलं आणि हिंमत गोळा व्हायच्या आधीच चारही डोळे पुसून टाकले. पुसायला काय, कुणालाही येतं. फडकं पिवळं-काळं झालं. खाली शाडूचा ओला, राखाडी, सपाट भाग उरला. वर कोरलेल्या भुवया, खाली हसरे ओठ आणि मधे काहीच नाही.

मग मी कुंचला हातात घेतला. काळा रंग त्याच्या टोकावर आला, टोक चेहऱ्याजवळ गेलं आणि तिथंच थांबलं. हात थरथरत नव्हता, नुसता पुढं जात नव्हता. कुणी मनगट धरलंय असं वाटून मी खरोखरच मनगटाकडे पाहिलं. दिव्यातलं तेल संपलं, वात फडफडली, विझली. भर दुपार होती, बाहेर ऊन रखरखत होतं, तरी खोली अंधारल्यासारखी वाटली.

"झालं का गं?" बाहेरून आत्याबाईंनी विचारलं.

"रंग नीट नाही उतरत आत्याबाई. उद्या करते."

तो उद्या काही उगवला नाही. कधी खारीच्या केसांचा कुंचला मिळाला नाही, तर कधी गुलमंडीच्या बाजारातून आणलेला रंग पातळ निघाला. अमावास्या आली, माझी अडचण आली, ढग आले म्हणून उजेड कमी पडला, ढग गेले म्हणून डोळे दिपायला लागले. मग आखाड लागला. आखाडात शुभकार्य करत नाहीत याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आमचे हे कारखान्यातून दमून यायचे आणि "कर की सावकाश, कुठं पळून चाललंय," म्हणायचे. गरीब माणूस. त्यांनी एकदा जरी खेकसून विचारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

बिनडोळ्यांच्या देवीला ज्वारीत परत ठेवता येत नव्हतं. डब्यात गेली की तिला वर्षभर अंधार, मग ती नजर कायमची गेली, असं आत्याबाई म्हणत. म्हणून दोन्ही मुखवटे मधल्या खोलीतल्या फळीवर ठेवले, तोंडं भिंतीकडे करून, वर लाल खणाचं कापड टाकून.

आमच्या घरामागून रेल्वेचा रूळ जातो. गाडी गेली की भांडी किणकिणतात, पत्रे थरथरतात, त्याची आम्हाला सवय. पण काही दिवसांनी मी कापड झटकायला काढलं तर दोघींची तोंडं खोलीकडे होती. पूर्ण नाही, जरा तिरपी. कानोसा घ्यायला मान वळवावी तशी. मी परत भिंतीकडे केली. काही दिवसांनी परत तसंच. मला कळत होतं की मुखवट्यांची खालची कड झिजलेली आहे, फळी गाडीच्या धक्क्यानं हलते, म्हणून ते सरकतात. हे मी स्वतःला दहादा समजावलं. पण सरकायचंच होतं तर कधीतरी उलटं सरकायला काय हरकत होती? दर वेळी खोलीकडेच का?

शेजारच्या वहिनी विरजणाला यायच्या. त्या हळूहळू उंबऱ्याबाहेरच थांबायला लागल्या. एकदा वाटी घेताना म्हणाल्या, "वैनी, त्यांच्याकडं पाठ करून भाकरी कशी थापता हो तुमी? मला तर जमायचं नाय."

चुलीपाशी बसलं की पाठीमागं मधली खोली यायची, पण तोवर मला जमत होतं. त्यांनी म्हटल्यापासून जमेना. मी पाटाची दिशा बदलली, चूल डाव्या हाताला घेतली, आणि भाकरी करपायला लागल्या. कुणी बघतंय असं वाटत नव्हतं. बघायला डोळेच नव्हते. वाटायचं ते वेगळंच. आंधळ्या माणसाच्या खोलीत आपण गुपचूप शिरलो की ते बोलता बोलता थांबतं, मान जराशी तिरपी करतं, आणि आपण काय करतो याची वाट बघतं. मधल्या खोलीत पाऊल टाकलं की मला तसं वाटायचं. काहीतरी बोलणं चाललं होतं आणि माझ्या चाहुलीनं थांबलं. मी भित्री नाही. शेतात विंचू चपलेनं मारलेले आहेत. पण त्या खोलीतून पाण्याचा हंडा आणताना माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे हे खरं.

आणखी एक गोष्ट मला त्याहून जास्त छळायला लागली. आत्याबाई तशाच बसायला लागल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, मान जराशी तिरपी. मी विचारलं तर म्हणाल्या, "भित्ताडावर उजेड पडतो ना, तेवढा कळतो." जेवताना त्यांचा हात तांब्याच्या शेजारून जायचा, परत यायचा, परत चुकायचा. मी तांब्या हळूच हाताखाली सरकवायचे. त्यांना ते कळायचं. डोळ्यांच्या कामाबद्दलही विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मला वाटलं, विसरल्या. माणूस स्वतःच्या सोयीचं किती चटकन खरं मानतं!

श्रावणातल्या ओल्या दिवसांत एका सकाळी मी फळीकडे पाहिलं आणि हातातला झाडू खाली पडला. लाल खणाचं कापड ओल्या हवेनं दोन्ही मुखवट्यांना चिकटलं होतं. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं वर उठून दिसत होतं. आणि डोळ्यांच्या जागी कापडावर ओले काळपट ठिपके उमटले होते, चारही डोळ्यांच्या जागी.

शाडू पाणी पितो. मी हळदीच्या पाण्यानं तिथंच खसाखसा पुसलं होतं, वरचा रंग गेला होता, तिथली माती उघडी पडली होती, म्हणून ओल तिथूनच बाहेर आली. हे आज मी चहा पिता पिता सांगू शकते. त्या सकाळी मी ओरडले.

आत्याबाई चाचपडत आल्या. कापडावरून त्यांनी बोटं फिरवली, ओल हाताला लागली. मी म्हणाले, "आत्याबाई, रडतायत त्या."

"रडत नाय," त्या म्हणाल्या. "बघायला लागल्यात. दिसंना म्हणून जोर करायल्यात." मग म्हणाल्या, "मी पण तसंच करते सकाळी उठल्यावर."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. मी आंघोळीच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि खूप रडले. त्यांचा तो आवळत चाललेला गोल मी एकेका सबबीनं खर्ची घालत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. इतकं कळूनही त्या दिवशी मी कुंचला उचलला नाही. कळणं वेगळं आणि हात पुढं जाणं वेगळं.

त्यानंतर लवकरच एका दुपारी मी दळण घेऊन गिरणीतून परतले. पिठाचा डबा कमरेवर, दार लोटलेलं. मधल्या खोलीच्या दारात बसून आत्याबाई कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होत्या. "हलू नको गं. थोडं ऱ्हायलंय." घरात दुसरं कुणी नव्हतं. मी दारातून वाकून पाहिलं.

त्यांच्या मांडीवर थोरली होती. समोर छोटा दिवा लावलेला. शेजारी काजळाची डबी उघडी. डाव्या हातानं त्यांनी तिचं तुटकं नाक चाचपून धरलं होतं आणि उजव्या हाताच्या बोटानं काजळ लावत होत्या. मी पुढं झाले. थोरलीला एक डोळा आला होता. जिथं हवा त्याच्या बराच वर, भुवईला चिकटलेला आणि बाहेरच्या बाजूला ओढलेला. नाकाच्या शेंड्यावरून त्यांनी अंतर धरलं होतं, आणि तो शेंडा तर त्या बैलगाडीतच उडालेला. त्यामुळे सगळा अंदाज चुकला होता. पण तो डोळा होता. मोठा, काळाभोर, ओला, आणि तो थेट माझ्याकडे बघत होता. इतके दिवस बिनडोळ्यांची भीती वाटली, पण त्या एका डोळ्याची वाटली तशी कधीच वाटली नाही.

"कोण? तू व्हय?" आत्याबाईंनी विचारलं. "ये. बघ कसा झालाय."

मी तिच्यावर वाकले.

"वाकडा झाला ना?"

"जरासा," मी म्हणाले.

"असू दे." त्यांनी बोट पदराला पुसलं. "वाकडं तर वाकडं, दिसंल तरी तिला."

मी पिठाचा डबा खाली ठेवला. म्हणाले, "द्या, मी पुसून नीट काढते."

"आता पुसायचं नाय," त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. "एकदा पुसलेस ते बास झालं. दिवा लावलाय मी. तेल थोडंच हाय. बाकीचे तू काढ."

दिव्यात तेल खरंच थोडं होतं. मी पिठाच्या हातानंच बसले. कुंचला शोधायला वेळ नव्हता, रंग कालवायला वेळ नव्हता. काजळाच्या डबीत बोट घातलं. थोरलीच्या दुसऱ्या डोळ्यासाठी बोट पुढं नेलं आणि ते थांबलं नाही. आता बिघडवायचं काय उरलं होतं? सुंदर होण्याची गोष्टच संपली होती. शेजारी वाकडा डोळा होता आणि त्याला जोडीदार हवा होता, एवढंच. मी तो काढला. मग धाकटीचे दोन काढले. धाकटीच्या दुसऱ्या डोळ्याची शेवटची रेघ ओढली तेव्हा मागून गाडी गेली, फळी थरथरली, भांडी किणकिणली. वात एकदा लवली, आणि थोड्या वेळानं शांतपणे विझली.

आत्याबाईंनी थोरलीला दाराच्या उजेडात धरलं. आपल्या नळीतल्या गोलात त्या तिचा चेहरा इंचाइंचानं आणत होत्या. आधी वाकडा डोळा बघितला, आणि हसल्या. "हा माझा." मग दुसऱ्यावर आल्या. बराच वेळ बघितलं. मी समोर उभी होते. शाळेतल्या कुठल्याही परीक्षकासमोर मी इतका वेळ कधी उभी राहिले नव्हते. तिथून मी नेहमी पळालेच होते.

"हा तुझा," त्या म्हणाल्या. "जरा भ्यालाय."

मी पाहिलं. खरंच, तो डोळा भ्यालेला होता. जरा जास्तच उघडा, दाराकडे बघणारा. आम्ही दोघी हसायला लागलो, आणि हसता हसता मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या हाताचं काजळ माझ्या गालाला लागलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या तोवर आत्याबाईंचा गोल मिटला होता. फक्त निरांजनाचा उजेड कळायचा, तोही डोळ्यांशी नेला तर. मुखवटे चढवायच्या वेळी त्यांनी थोरलीचा चेहरा हातात घेतला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुजबुजल्या, थोरलीची नजर वाकडी आहे, ती समोर बघतच नाही. मला राग आला. मी म्हणाले, "आमच्या आत्याबाईंनी काढलाय तो डोळा. त्यांना दिसत होतं तेव्हा." समोर बघत नाही म्हणजे कुठं बघते, हे पाहायला मी तिच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभी राहिले. ती रेषा जाते ती भिंतीपाशी, आत्याबाई बसत त्या जागी.

पुढं काही वर्षांनी आत्याबाई गेल्या. मुखवट्यांचे रंग उडतात, ते मीच देते. मी काढलेले डोळे मी वेळोवेळी पुसले आणि परत काढले. ते नेहमी जरा भ्यालेले होतात, पण दिवा विझायच्या आत होतात. आता लोक कौतुक करोत, नाहीतर नावं ठेवोत, मला जेवण गोड लागतं.

आत्याबाईंचा डोळा मात्र मी कधी पुसला नाही. तो साध्या काजळाचा आहे, त्यात ना डिंक ना रंग. असं काजळ बोट लावलं की निघतं, वर्षभर ज्वारीत घासलं तर उरायलाच नको. माझा त्या दुपारचा डोळा पहिल्याच वर्षी ज्वारीनं पुसट झाला होता, धाकटीचेही. आत्याबाईंचा दर भाद्रपदात डब्यातून वर येतो तो तसाच, काळाभोर आणि ओला. खरंच ओला आहे की मला तसं वाटतं, हे बोटाच्या एका स्पर्शानं कळेल. हात तिथवर नेते आणि म्हणते, पुढच्या वर्षी बघू.